उपकेंद्रात माणसं पाच, पण आमचं माणूस कोणतं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एका सरकारी आरोग्य उपकेंद्राचा फोटो आला होता, नवीन रंग, नवीन पाटी, समोर साहेब लोक उभे, फीत, नारळ सगळं. चांगली गोष्ट आहे, आमच्या गावच्या उपकेंद्रालाही असाच रंग लागलाय आणि पाटी तर दोनदा बदलली, आधी आरोग्यवर्धिनी केंद्र होतं, मग २०२३ च्या शेवटी वरनं आदेश आला आणि आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. पाटीबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या फोटोत जी माणसं नव्हती त्यांच्याबद्दल आणि त्यांचं आम्हा पेशंटशी जे नातं जुळतं किंवा जुळता जुळता तुटतं त्याबद्दल लिहायचंय. पत्र लांबणार आहे, कापून छापलंत तरी राग नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो, ३१ वर्षं बॅग खांद्याला होती, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मला बीपी आणि शुगर दोन्ही, आमच्या घरचीला बीपी. सातारा जिल्ह्यातच राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नाव लिहिलं की कुठली सिस्टर कुठले डॉक्टर ते लगेच कळेल आणि त्यांच्यातल्या कुणाचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही, उलट त्यातल्या दोघा-तिघांचे माझ्यावर उपकार आहेत.

पूर्वी आमचं सगळं एका डॉक्टरवर चालायचं, तालुक्याला स्टँडच्या मागे त्यांचा दवाखाना. पंचवीस वर्षं त्यांच्याकडे गेलो. आत गेलं की पहिलं वाक्य, काय कंडक्टर, आज कुठली गाडी? पोरांची लग्नं त्यांना माहीत, माझी दारू कधी सुटली ते माहीत. आता लोक फॅमिली डॉक्टर गेला म्हणून हळहळतात आणि मलाही वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर त्या प्रेमात एक इंजेक्शन आणि वर्षातनं दोन सलाईन ठरलेल्या असायच्या, बीपी बघितलं तरी आकडा कधी सांगितला नाही, "थोडं वाढलंय" एवढंच. कागद नाही, वही नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. वयामुळे त्यांनी दवाखाना बंद केला आणि त्या दिवशी आमची पंचवीस वर्षांची माहिती शटरबरोबर खाली आली. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा गोळीचं नाव सुद्धा सांगता येईना, पांढरी छोटी गोळी एवढंच माहीत.

म्हणून एका डॉक्टरऐवजी उपकेंद्राची टीम पेशंट बघते, त्या टीमच्या मी विरोधात नाही हे आधीच सांगतो.

ज्यांना शहरात राहून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, उपकेंद्र म्हणजे साधारण पाच हजार लोकवस्तीला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजाराला एक. तिथे पूर्वीपासून आरोग्य सेविका, जिला आपण सिस्टर म्हणतो, आणि आरोग्य सेवक, ज्याला जुनी माणसं अजून मलेरियावाला म्हणतात. गावात आशाताई, साधारण हजार लोकांमागे एक, ही योजना २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातली. आणि २०१८ नंतर त्यात आले सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आपल्याकडे बरेचसे बीएएमएस झालेले, सहा महिन्याचा कोर्स करून येतात, कंत्राटी असतात. वर प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर. म्हणजे बीपीच्या एका पेशंटमागे मोजून पाच माणसं. आशाताई घरी येऊन फॉर्म भरणार, आरोग्य सेवक मशीन घेऊन कॅम्प लावणार, सीएचओ तपासणार, मोठे डॉक्टर गोळी ठरवणार, सिस्टर गोळी देणार आणि महिन्याने का आला नाहीत म्हणून आशाताई परत दारात.

कागदावर ही रचना फार हुशारीची आहे आणि आमच्या जिल्ह्यात तर ती थोडी आधीच आली, बीपी आटोक्यात आणण्याचा जो देशपातळीवरचा कार्यक्रम २०१७ च्या शेवटी सुरू झाला त्यात पहिल्या पंचवीस जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा आणि आमचा सातारा. ठरलेल्या गोळ्या ठरलेल्या क्रमाने द्यायच्या, महिन्याच्या गोळ्या जवळच्या जवळ मिळाल्या पाहिजेत, प्रत्येकाचं कार्ड, आणि सगळा भार एका डॉक्टरवर न टाकता टीमने सांभाळायचं. हे काम झालंय, मी नाकारत नाही. आमच्या आळीत निम्म्या लोकांना बीपी आहे हेच मुळी त्यामुळे कळलं.

आता माझंच सांगतो. आशाताई पहिल्यांदा फॉर्म घेऊन आली, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा भरायचा असतो, वय किती, तंबाखू दारू आहे का, कंबर किती, व्यायाम करता का, घरात कुणाला बीपी-शुगर होती का, त्याचे मार्क धरतात आणि चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलवतात. मला मार्क भरपूर पडले. आयुष्यात कुठल्या परीक्षेत एवढे पडले नसतील. तरी मी दोन महिने गेलो नाही, म्हटलं खरा डॉक्टर नाही, कोण पोरगं बसवलंय तिथे, त्याच्याकडून काय बीपी बघून घ्यायचं. ही माझी चूक होती आणि गावातल्या माझ्या वयाच्या पुरुषांची अजून आहे, सीएचओला तोंडावर डॉक्टर म्हणतात आणि पारावर बसून "ते काय, अर्धवट" म्हणतात. शेवटी आशाताईच हात धरून घेऊन गेली, माझी पुतणसून लागते ती दूरच्या नात्यानं, म्हणाली तात्या तुम्ही नाही आलात तर मी इथेच पायरीवर बसणार.

तो पहिला सीएचओ मुलगा सोन्यासारखा होता. पाच मिनिटं बसवून ठेवायचा, म्हणायचा चालून आलाय, दम घ्या मग बघू. दोनदा बघायचा. आकडा सांगायचा आणि माझ्याच हातात कार्ड देऊन माझ्याकडूनच वाचून घ्यायचा. पन्नाशी ओलांडल्यावर मला कळलं की वरचा आकडा काय आणि खालचा काय. आमच्या घरचीचं तोंड बॅटरी लावून बघितलं आणि गालाच्या आत पांढरा डाग दिसला म्हणून विचारलं, मावशी तंबाखू वगैरे? ही म्हणाली नाही. आशाताई शेजारी उभी, तिला माहीत होतं की ही चाळीस वर्षं मिशरी लावते, रोज सकाळ-संध्याकाळ. आशाताई तिथे काही बोलली नाही. बाहेर आल्यावर परत आत गेली, दोन मिनिटांनी आली. पुढच्या वेळी त्या मुलानं मिशरीचं नावच काढलं नाही, नुसता म्हणाला, मावशी माझ्या आईनं अशी अशी सवय सोडली, पहिले पंधरा दिवस डोकं दुखतं मग काही वाटत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सुदैवानं कॅन्सरचं काही निघालं नाही, पण सोडा आणि दाखवत राहा म्हणाले.

ह्याला मी टीम म्हणतो. एकाला माहीत होतं ते दुसऱ्याला कळलं, आणि कळल्यावर त्यानं ते पेशंटच्या तोंडावर फेकलं नाही.

मग त्याची बदली झाली का त्यानं दुसरीकडे नोकरी धरली, आम्हाला कुणी सांगितलं नाही. एक दिवस गेलो तर खोलीला कुलूप. तीन महिने सीएचओ नाही. सिस्टर गोळ्या द्यायच्या, कधी महिन्याच्या कधी दहा दिवसाच्या, स्टॉक असेल तशा. ह्याच मधल्या काळात आमच्या घरचीचे पाय सुजायला लागले. अ‍ॅम्लोडिपिन ह्या तिच्या बीपीच्या गोळीनं काही जणांना घोट्याजवळ सूज येते, हे मला आता माहीत आहे, तेव्हा आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. ती म्हणायची गोळी खाल्ली की पाय भरतात, चप्पल बसत नाही. मग तिनं गोळी बंद केली. मला सांगितलं नाही, डब्यात गोळ्या साठवत राहिली. सांगितलं कुणाला? आशाताईला, नळावर. आशाताईनं सिस्टरच्या कानावर घातलं, सिस्टर त्या दिवशी लसीकरणाच्या गडबडीत, म्हणाल्या बघू, डॉक्टर आले की सांगू. आणि ते तिथेच राहिलं.

पुढे ई-संजीवनीवर, म्हणजे लांबच्या डॉक्टरला मोबाईलवर दाखवायची सरकारी सोय, व्हिडिओ कॉल लावून दिला, पलीकडे कुठलेतरी डॉक्टर, चेहरा अर्धा दिसत होता, आवाज तुटत होता. बीपी निघालं १७०/१००. डॉक्टरांनी विचारलं गोळी चालू आहे का, घरचीनं मान हलवली, हो. कोण नाही म्हणणार, पाच माणसं मागे रांगेत उभी आणि मोबाईलमध्ये अनोळखी साहेब. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं बरोबरच केलं, पाचची गोळी दहाची केली. म्हणजे बघा, जी गोळी ही खात नव्हती तीच डबल झाली. आणि मग घरी आल्यावर भीती बसली म्हणून हिनं ती दहाची खरंच सुरू केली, आठ दिवसांत पाय असे सुजले की बोट दाबलं तर खड्डा पडायचा. मी घाबरलो, म्हटलं किडनी गेली का हृदय, खाजगीत नेलं, रक्त लघवी ईसीजी, बिल किती झालं ते सांगत नाही, पेन्शनीत बसणारं नव्हतं. तिथे सगळं नॉर्मल निघालं आणि ते डॉक्टर म्हणाले, गोळी बदला.

नंतर नवीन सीएचओ मॅडम आल्या. त्यांच्याकडे गेलो तर कार्ड बघून पहिलंच वाक्य, "मावशी, तुम्ही गोळ्या नीट घेत नाही ना?" चुकीचं नव्हतं ते. पण ज्या सुरात म्हटलं त्यानं आमची घरची तिथनं उठली ती दोन महिने परत गेली नाही. मला म्हणाली, "कुणाकुणाला तेच तेच सांगू? दर टायमाला नवीन पोरगी, नवीन प्रश्न. तुमच्या एसटीत तरी तिकीट एकदाच काढावं लागतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय साहेब, त्यावरनंच हे पत्र लिहितोय.

एसटीत आमचीही टीमच होती. रोज ड्रायव्हर वेगळा, गाडी वेगळी, कधी रूट वेगळा. पण ड्रायव्हरला ब्रेक थोडा जरी लांब लागला तर तो डेपोत आल्यावर लॉगशीटवर लिहायचा, सकाळी वर्कशॉपवाले ते वाचून मगच गाडी सोडायचे, आणि पुढच्या ड्यूटीचा ड्रायव्हर ओळखीचा असो नसो त्याला माहीत असायचं की ह्या गाडीचा ब्रेक लांब लागतो. नुसतं लिहून भागायचं नाही, चावी देताना तोंडीही सांगायचे, "जरा सांभाळून रे, घाटात लवकर दाब." बसमधल्या पन्नास लोकांना ह्यातलं काही माहीत नसायचं आणि माहीत असण्याची गरजही नव्हती. आता विचार करा, प्रत्येक ड्रायव्हरला पॅसेंजरनं उठून सांगायचं असतं की बाबा ब्रेक लांब लागतो, तर कसं झालं असतं? आमच्या उपकेंद्रात नेमकं तेच चाललंय. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायचं काम पेशंटवर आहे, आणि पेशंट म्हणजे माझ्या घरचीसारखी बाई, जी लाजते, घाबरते, आणि हो म्हणून मोकळी होते.

कार्ड आहे, ऑनलाइन नोंद आहे, आरोग्याच्या नोंदींचा चौदा आकडी आभा नंबर आहे, आशाताईच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप आहे. पण त्या सगळ्यात १७०/१०० लिहायला जागा आहे, "गोळीनं पाय सुजतात म्हणून गुपचूप बंद केली" हे लिहायला जागा कुठे आहे? आणि असली तरी ते वाचणार कोण, दिवसाला किती तपासले किती व्हिडिओ कॉल लावले ह्याचे आकडे वर पाठवायचे असतात, सीएचओंच्या पगाराचा एक भाग त्या आकड्यांवरच मिळतो. फॉलोअपला किती आले हेही मोजतात. पण आलेल्या माणसाला समोरचा चेहरा ओळखीचा होता का, हे कुणी मोजत असेल असं मला वाटत नाही.

ह्या सगळ्या गोष्टीत खरी माहिती एकाच माणसाकडे होती, आशाताईकडे. मिशरीचं तिला माहीत, सुजेचं तिला माहीत, डब्यात गोळ्या साठल्यात हेही तिला माहीत. आणि टीममध्ये तिचंच स्थान सगळ्यात खाली. मीटिंगमध्ये ती खाली सतरंजीवर, तिला विचारतात फक्त फॉर्म किती भरले. तिला पगार नाही, मानधन, तेही कामाच्या हिशोबानं तुकड्या-तुकड्यात. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशा मुंबईत आझाद मैदानावर येऊन बसल्या होत्या, आमच्या गावचीही गेली होती, लहान लेकरू सासूकडे ठेवून, तेव्हा कुठे राज्य सरकारनं महिना पाच हजाराची वाढ दिली. ती मुंबईला होती ते दिवस गावात कुणाचं काय चाललंय हे उपकेंद्राला कळतच नव्हतं. मला तेव्हा लक्षात आलं की आपण जिला निरोप्या समजतो ती खरं तर ह्या टीमचे डोळे आहे.

नोकरीच्या मधल्या काही वर्षांत मी नगर विभागात होतो तेव्हा जामखेडची मुक्कामी गाडी असायची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या जोडप्यानं १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, ते बऱ्याच लोकांना माहीत असेल, मॅगसेसे मिळालं त्यांना १९७९ ला. मला मोठं काम वगैरे काही कळत नव्हतं, मला फक्त गाडीत चढणाऱ्या बायका दिसायच्या. साध्या नऊवारीतल्या, काही तर सही न येणाऱ्या, आपापल्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या, शिकायला जामखेडला यायच्या आणि परतीच्या गाडीत बसायच्या. एकदा एका बाईला मी सहज म्हटलं, काय मावशी, डॉक्टरकडे जाऊन आलात का? ती म्हणाली, "डॉक्टरकडे न्हाई, डॉक्टरास्नी सांगून आले." तेव्हा हसलो होतो. आता कळतंय ती काय म्हणत होती. तिथली रीत अशी होती की दवाखान्याची टीम गावात गेली की गावच्या ह्या बाईबरोबर फिरायची, कुठल्या घरात काय आहे ते तिच्याकडून ऐकायची. डॉक्टर सगळ्या गावासमोर तिला विचारतोय म्हटल्यावर गावानंही तिचं ऐकलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, त्यांना आरोग्यदूत म्हणतात, त्याचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले होते. म्हणजे आशाची कल्पना ज्या मातीत रुजली ती बऱ्यापैकी आपलीच माती आहे, आणि आपणच तिला फॉर्म भरणारी करून टाकलं.

आता एक उलटी बाजूही आहे, ती मला माहीत नव्हती, घरचीनं सांगितली. हे पत्र लिहितोय म्हटल्यावर ती म्हणाली, सगळं आशाताईला कळलं पाहिजे असं लिहू नका. म्हटलं का? तर म्हणाली बायकांची ती गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी असते, त्याला गावातल्या बायका जात नाहीत कारण आशा आपल्याच भावकीतली, सिस्टर शेजारच्या गावची, उद्या लग्नात पंगतीला समोरासमोर बसायचंय. तिथे अनोळखीच बाई बरी. टीबीचंही तेच, ज्याला टीबी निघतो त्याला आधी भीती आजाराची नसते, आशाताई दारात दोनदा दिसली तर शेजारी काय म्हणतील ह्याची असते. मला हे पटलं. म्हणजे जवळचं माणूस हवं हे खरं, पण कुठल्या गोष्टीसाठी कोण जवळचं हे पेशंटला ठरवता आलं पाहिजे. पाच जणांची टीम असण्याचा हाच तर फायदा, की पाचातलं एक तरी आपल्याला सांगण्यासारखं असतं. मिशरी आशाताईला, बायकांचं दुखणं सीएचओ मॅडमला, आणि माझ्यासारख्याचं दारूचं जुनं प्रकरण आरोग्य सेवक दादाला, तो आमच्यातलाच आहे, बोलताना लाज वाटत नाही. फक्त ज्याला सांगितलं त्यानं ते किती पुढे न्यायचं आणि किती पोटात ठेवायचं, हे त्याला कुणी शिकवतं का? त्या पहिल्या पोराला आणि आशाताईला कुणी न शिकवता जमलं होतं. सगळ्यांना जमेलच असं नाही.

माझी एक पुतणी नर्सिंग कॉलेजला शिकवते, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली काका ह्यावर बाहेरच्या देशात मोठा अभ्यास झालाय. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक ठराविक डॉक्टर असतो, तिथे जवळपास ४५ लाख लोकांच्या नोंदी बघितल्या तर असं दिसलं की पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्या लोकांत मृत्यूचं प्रमाण, ज्यांचा डॉक्टर वर्षभरातच नवीन झालाय त्यांच्यापेक्षा साधारण २५ टक्के कमी, दवाखान्यात भरती होणंही कमी, रात्री-अपरात्री धावपळही कमी. आता नॉर्वे कुठे आणि आमचा डोंगर कुठे, आणि ओळखीमुळेच माणूस जगला असं त्यातनं सिद्ध होतं असं नाही हे तीच म्हणाली. पण २५ टक्के फरक एखाद्या गोळीनं पडला असता तर त्या गोळीची जाहिरात टीव्हीवर लागली असती. इथे गोळी म्हणजे ओळख आहे, ती फुकट आहे, आणि आपण ती दर वर्षा-दोन वर्षांनी बदली करून फेकून देतो.

कंत्राटी पोरं आहेत, चांगली नोकरी मिळाली की जाणारच, त्यांना मी दोष देत नाही, मीही चांगला डेपो मिळावा म्हणून अर्ज केलेच होते. पण जाताना आठ दिवस तरी नवीन माणसाबरोबर बसवा. आमच्या उपकेंद्रात बीपी-शुगरचे जुने पेशंट शे-दीडशे असतील, सगळ्यांची गाठ घालून देणं जमणार नाही, पण ज्यांचं अवघड आहे अशा वीस जणांच्या घरी जुना आणि नवीन दोघं मिळून गेले, बरोबर आशाताई, आणि म्हणाले मावशी आता हे बघतील, तर केवढा फरक पडेल. आमच्या घरची तर चहा ठेवेल. सीएचओ, सिस्टर आणि सेवक तिघांच्या बदल्या एकाच वर्षात काढू नका, एक जुना चेहरा राहू द्या. आकड्यांच्या मीटिंगशिवाय महिन्यातनं एक तास असा ठेवा की ज्यात फक्त आशाताई बोलतील आणि डॉक्टर ऐकतील, फॉर्म बाजूला ठेवून, कुणी गोळी सोडली, का सोडली, कोण का येत नाही. आणि व्हिडिओवरच्या डॉक्टरांसमोर पेशंटला बसवायच्या आधी सिस्टरनं किंवा सीएचओनं दोन वाक्यं पेशंटच्या वतीनं सांगावीत, नुसता मोबाईल हातात देऊ नये. ह्याला वेगळी बिल्डिंग लागत नाही, रंगसुद्धा लागत नाही.

आपल्याकडूनही होतं बरं का. सीएचओनं गोळी न देता मीठ कमी करा सांगितलं की आम्ही म्हणतो ह्याला काही येत नाही. सिस्टर दिसली की रस्त्यात अडवून गोळ्या मागायच्या, ती बिचारी स्वतःच्या पोराला शाळेतनं आणायला निघालेली असते. आशाताईला तर रात्री अकराला फोन, आणि तिनं सकाळी दोन प्रश्न विचारले की "तुला काय करायचंय?" माझ्या तोंडूनही गेलंय हे एकदा, तिनं मनावर घेतलं नाही म्हणून बरं.

आमच्या घरचीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन महिन्यांनी आशाताईच सीएचओ मॅडमना घेऊन घरी आली. मॅडम ओट्यावर बसल्या, डबा मागितला, साठलेल्या गोळ्या मोजल्या, आणि काही न बोलता हिचे पाय बघितले. मग म्हणाल्या, माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. मोठ्या डॉक्टरांना तिथनंच फोन लावला, गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. सूज गेली. गेल्या महिन्यात बीपी १३८/८४ होतं, कार्ड मीच वाचलं. मॅडमशी आता हिची अशी गट्टी आहे की शेवग्याच्या शेंगा पहिल्यांदा उपकेंद्रात जातात मग आमच्या भाजीत.

आणि आता ऐकतोय की मॅडमचीही ऑर्डर आलीय, पुढच्या महिन्यात नवीन कुणीतरी येणार. घरचीनं ते ऐकून काही आदळआपट केली नाही. काल आशाताई आली तेव्हा तिला म्हणाली, पहिल्या दिवशी तू माझ्याबरोबर चल, सुजेचं मी सांगते, मिशरीचं तू सांग, माझ्या तोंडून निघायचं नाही ते.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, सातारा जिल्हा
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)